टिल्लूच्या नावाचा लॅपटॉप

३ जून

प्रिय बाब्या,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोन वाजला की ताई तुझ्या हातातून तो काढून घेते. तुझ्या आईला एकदा माझा आवाज ऐकू आला की माझ्या गुडघ्यांपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळ्यांची चौकशी होते आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसून लिहितेय. एवढ्या उकाड्यात जुने दगड बघायला कोण येतंय? सकाळपासून एक जोडपं आलं, तेही आतल्या पंख्याखाली बसायला.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. एक लॅपटॉप घ्यायचाय. आपल्या घरातून यंदा एक जण कॉलेजात जातंय. विषय भूगर्भशास्त्र, म्हणजे दगड, माती, डोंगर, जमिनीच्या पोटातलं सगळं. कॉलेजने कळवलंय की प्रत्येकाने स्वतःचा लॅपटॉप आणायचा, सगळे नकाशे आणि सगळा अभ्यास त्याच्यावरच. मी इथल्या एका दुकानात जाऊन आले. तिथल्या पोराने मला आठ गोष्टी विचारल्या, त्यातली एकही मला कळली नाही. 'विचारून सांगते' म्हणून जी बाहेर पडले ती पुन्हा त्या रस्त्याने गेले नाही.

तूच निवड. अक्षर मोठं दिसायला हवं. खांद्याला झेपेल एवढंच वजन हवं. बटणं दाबताना फार टकटक नको. आणि ज्याने आयुष्यात कधी लॅपटॉपला हात लावला नाही त्यालाही उघडल्याबरोबर वापरता येईल असं सगळं आत घालून दे. पिशवी, माउस, जे काय लागतं ते सगळं. पैशांची सोय झालेली आहे, ती काळजी करू नकोस.

ताईला एवढ्यात काही बोलू नकोस. सगळं नीट मार्गी लागलं की मीच सांगेन.

तुझी,
मावशी

११ जून

मावशी,

तुला नमस्कार आणि टिल्लूला एक जोरदार धपाटा! काय छुपा रुस्तम निघाला! मागच्या वेळी भेटला तेव्हा पुस्तकाचं नाव काढलं की पोटात दुखायचं त्याच्या. आणि आता भूगर्भशास्त्र! काका असते तर आज लेकाचं कौतुक गल्लीभर सांगत फिरले असते.

आता कामाचं बोलू. दिवसभर सर्व्हिस काउंटरवर लोकांचे बिघडलेले लॅपटॉप उघडून बसतो, त्यामुळे काय घेऊ नये हे मला चांगलं माहीत आहे. गेमवाला अजिबात नको. टिल्लू मागे लागेल, ऐकू नकोस. तो जड असतो, तापतो आणि आतला पंखा विमान सुटल्यासारखा ओरडतो. पडदा चौदा इंची घेऊ. पंधरा इंचीत अक्षर मोठं दिसतं, पण रोज ने-आण करणाऱ्याच्या खांद्याची वाट लागते. रॅम सोळा जीबी. रॅम म्हणजे कामाचं टेबल समज. टेबल मोठं तर एका वेळी जास्त कागद पसरता येतात. नकाशांची सॉफ्टवेअर जागा खातात, आठ जीबीत ती रडत रडत चालतील. साठवणीला एसएसडी, म्हणजे चालू करून चहा टाकायला जायची गरज नाही. बॅटरी दिवसभर पुरणारी, कारण वर्गात सॉकेट दोन आणि पोरं साठ.

पण मला सांग, अठरा वर्षांच्या घोड्याला अक्षर मोठं कशाला? मोबाइलमध्ये डोकं घालून डोळे बिघडवले असतील. आधी डोळे तपासून घे त्याचे. आणि खांदा? दारातून वाकून येणाऱ्या पोराचा खांदा दीड किलोने दुखणार असेल तर त्याला दगड उचलायच्या विषयाला घालू नकोस!

त्यालाच लिहायला सांग ना, काय हवंय ते.

तुझा,
बाब्या

१९ जून

प्रिय बाब्या,

पत्र तीनदा वाचलं. टेबलाचं सांगितलंस म्हणून रॅम कळली. असं सांगणारा कोणी भेटला तर माणूस काहीही शिकेल बघ.

टिल्लूबद्दल लिहिलंस ते वाचून जरा हसू आलं. तो सध्या पहाटेच बाहेर पडतो आणि परत येतो तो दमलेला, त्याला कुठे पत्र लिहायला बसवू? जे विचारायचं ते मलाच विचार.

चौदा इंची ठीक. पण अक्षर मोठं करता येतं का, ते कसं करायचं, हे एका कागदावर लिहून दे. आणखी काही विचारायचंय. शिकवताना सर भराभर बोलले तर ते त्यात साठवून घरी पुन्हा ऐकता येतं का? चुकून काही पुसलं गेलं तर परत मिळतं का? आणि वर्गात उघडताना तो काही वाजतो का? आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू होताना एवढा गाजतो की सगळे वळून बघतात.

पहिल्या दिवशी माणूस आधीच बावचळलेला असतो रे. त्यात सगळ्यांनी वळून बघायला नको.

तुझी,
मावशी

१ जुलै

मावशी,

पार्सल आज निघालं. चौदा इंची, सोळा जीबी, वजनाला हलका. अक्षर मी मोठं करूनच ठेवलंय. माउस बिनआवाजाचा. पिशवीला रुंद पट्टा आहे. सुरू होताना वाजू नये म्हणून आवाज बंद केलाय. वर्गातलं बोलणं साठवायचं बटण पडद्यावर खाली लाल रंगाचं आहे. आणि सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला एक छोटी हार्ड डिस्क सोबत आहे. शनिवारी ती जोडायची, आपोआप प्रत होते, काही पुसलं गेलं तरी घाबरायचं नाही. हे सगळं कागदावर लिहून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय.

टिल्लूसाठी एक गंमतही केलीय. लॅपटॉप उघडला की मोठ्या अक्षरात येतं, 'या, शास्त्रज्ञ टिल्लू!' आणि मागे त्याचा तो लहानपणीचा फोटो, तोंडभर माती लागलेला. दगडमातीची आवड तेव्हापासूनची म्हणायची!

तुझ्या बावचळण्यावरून आठवलं. गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आली, आईच्याच वयाची असेल. म्हणाली, कॉलेजसाठी लॅपटॉप दाखवा. आम्ही विचारलं, मुलगा कुठल्या वर्षाला? तर म्हणते, 'मुलगा नाही, मीच.' मग आमच्यातला एक जण म्हणाला, 'मॅडम, मग प्रगतीपुस्तकावर पालक म्हणून सही कोण करणार?' तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्ही तिघं काउंटरखाली वाकून हसत होतो. या वयात कॉलेज म्हणजे, पोरांच्या लग्नात आपणच बोहल्यावर चढल्यासारखं!

आणि मावशी, एक गुन्हा कबूल करतो. आईला सांगून टाकलं. राहवलंच नाही. ती इतकी खूश झालीय की आतापर्यंत अर्ध्या नातेवाइकांना कळलं असेल. टिल्लूला म्हणावं, आता नापास व्हायची सोय राहिली नाही!

तुझा,
बाब्या

१० जुलै

दादा,

मी टिल्लू. तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेही असलं.

मी कुठल्याही कॉलेजात जात नाही. हिवाळ्यापासून मी कोपऱ्यावरच्या बेकरीत काम शिकतोय. बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच मी आईला सांगितलं होतं की मला पुढे शिकायचं नाही, मला पाव करायला आवडतं. तेव्हा ती म्हणाली होती, 'ज्या कामाला तू न उठवता उठतोस, ते तुझं काम.' मी हे बेकरीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं. तिथल्या एकाच्याही घरच्यांनी असं म्हटलं नव्हतं.

परवा पार्सल आलं तेव्हा घरी मी एकटाच होतो. वर तुझं नाव बघून उघडलं. लॅपटॉप सुरू केला तर माझाच फोटो आणि 'शास्त्रज्ञ टिल्लू'. आधी वाटलं तू चेष्टा करतोयस. मग तुझ्या आईचा फोन आला. ती रडत होती आनंदाने. म्हणाली, तुझ्या बाबांचं नाव काढलंस. 'हो' म्हणालो आणि फोन ठेवला.

आई आली तेव्हा मी विचारलं, हा कुणासाठी? ती पिशवीचा पट्टा हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, 'म्हटलं, उद्या तुझं मन बदललं तर असावा.'

म्हणजे तेव्हा जे म्हणाली ते सगळं वरवरचं होतं. पिठाने भरलेले कपडे धुताना तिच्या मनात हेच होतं. मला तोंडावर म्हणाली असती तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पण तिने सगळ्या नातेवाइकांत एक खोटा टिल्लू उभा केला, कारण खरा सांगायची तिला लाज वाटते.

मी सध्या बेकरीच्या वरच्या खोलीत राहतोय. लॅपटॉप घरी टेबलावर आहे. तुझे कष्ट वाया गेले, त्याबद्दल मला माफ कर.

टिल्लू

१४ जुलै

मावशी,

टिल्लूचं पत्र आलं.

तू असं का केलंस? बेकरीत काम करणं म्हणजे काय चोरी आहे? मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो दिवसभर, मग माझ्याबद्दलही तू लोकांना इंजिनिअर म्हणून सांगतेस का? आईने आख्ख्या गोतावळ्यात बातमी केली. आता ती कुठल्या तोंडाने फोन फिरवणार? तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

आणि मला तू पत्रामागून पत्रं लिहून मूर्ख बनवलंस. मोठं अक्षर काय, खांदा काय! त्या पोराला नको असलेलं काहीतरी त्याच्या गळ्यात बांधायला तू माझा वापर केलास.

लॅपटॉप परत पाठव. दुकानाशी बोलून मी काहीतरी करतो. पण त्याआधी टिल्लूची माफी माग.

बाब्या

२१ जुलै

प्रिय बाब्या,

तुझ्या पत्रातलं प्रत्येक वाक्य मला लागायला हवं तसंच लागलं. फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही. कॉलेजात जाणारी मी आहे.

हे वाक्य लिहायला मला दीड महिना लागला. पहिल्या पत्रात 'आपल्या घरातून एक जण' असं लिहिलं, कारण 'मी' लिहायला हात धजेना. मनात होतं, तू विचारशील 'कोण?' आणि मग सांगेन. तू विचारलंच नाहीस, सरळ टिल्लूचं अभिनंदन केलंस. मला केवढं हायसं वाटलं! आडोसा मिळाल्यासारखं झालं. पुढच्या पत्रात खुलासा करायचा म्हणून बसले, आणि काय लिहिलं ते तू वाचलंच आहेस. मग त्या बाईची गोष्ट आली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणालास. ते तोंड मी रोज आरशात बघते, बाब्या.

एवढी वर्षं खिडकीत बसले. पोरं आतून धावत येतात आणि विचारतात, तो काळा दगड खरंच आकाशातून पडलाय का? डोंगर म्हातारे होतात का? मी म्हणते, आत लिहिलंय ते वाचा. एकदा एक मुलगी म्हणाली, वाचलं, पण कळलं नाही, तुम्ही सांगा. मला सांगता आलं नाही. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी दगडांच्या दालनात जाऊन बसायला लागले. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. अर्ज केला, परीक्षा दिली, नाव लागलं. सकाळी वर्ग, दुपारी खिडकी. कुणालाही सांगितलं नाही. टिल्लूलाही नाही. त्याने पुस्तकं मिटली त्याच वर्षी आई दप्तर घेऊन निघाली हे त्याला कसं सांगायचं, कळेना.

मला त्याची लाज कधीच वाटली नाही. लाज माझी मला वाटत होती, आणि ती झाकायला मी त्याला पुढे केलं. त्याने 'कुणासाठी' विचारलं तेव्हा 'माझ्यासाठी' एवढा एक शब्द पुरला असता. तो तोंडातून निघाला नाही. जे निघालं ते तुला माहीत आहे. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरताना दिसत होता, आणि तरी मी थांबले नाही.

अजून पुढचं ऐक. कॉलेजच्या पहिल्या दिवशी दारात बिल्ला लावलेली एक मुलगी होती. मला बघून म्हणाली, 'पालकांची सभा वरच्या हॉलमध्ये आहे.' आणि मी वर गेले! तिथे बसले, बिस्किटं खाल्ली. शेजारच्या बाईने विचारलं, 'तुमचं कोण?' मी म्हटलं, 'मुलगा.' टिल्लू घर सोडून गेलेला, आणि मी तिथेही त्यालाच पुढे केलं. खाली माझा वर्ग भरला होता. सभा संपली तशी घरी आले.

त्यानंतर गेलेले नाही. नाव काढून घ्यावं म्हणते. लॅपटॉप तू सांगशील तसा पाठवते.

मावशी

२७ जुलै

मावशी,

लॅपटॉप पाठवू नकोस.

सहीचा तो विनोद 'आमच्यातल्या एकाने' केला असं मी लिहिलं होतं. तो मी केला होता. बाकीचे दोघं माझ्याकडे बघून हसत होते, आणि मला फार भारी वाटत होतं. ती बाई म्हणाली, 'नंतर येते,' आणि गेली. पुन्हा आली नाही. तिचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. तू तुमच्याकडच्या दुकानातून 'विचारून सांगते' म्हणून बाहेर पडलीस ना, तशीच तीही पडली असणार. तिने दुसरीकडून घेतला असेल, असं मी मनाला सांगतो. पण कॉलेजच सोडून दिलं असेल तर? ते आता मला कधी कळणार नाही.

वर तुलाच शहाणपणा शिकवणारं पत्र लिहिलं. 'टिल्लूची माफी माग' म्हणे! मोठं अक्षर, दुखरा खांदा, बिनआवाजाची बटणं, सगळं तू मला सांगत होतीस. कुणासाठी आहे हे कळायला आणखी काय हवं होतं? पण मावशी आणि कॉलेज या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. ही चूक तुझ्या चुकीच्या आधीची आहे.

टिल्लूला मी काही सांगणार नाही. माझ्याकडून कळलं तर तू पुन्हा कुणाच्या तरी मागे लपलीस असं होईल. आईलाही तूच सांग. ती ओरडेल, पण तिचं ओरडणं तुला नवीन नाही.

पडद्यावरचं नाव आणि फोटो बदलायची रीत वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहे. कॉलेज सोडू नकोस असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही. फक्त, अक्षर तुला पुरेसं मोठं दिसतंय का, तेवढं कळव.

बाब्या

१६ ऑगस्ट

प्रिय बाब्या,

अक्षर छान दिसतंय. म्हणजे मी कॉलेजात जातेय.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस नुसती घरात फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावली आणि बेकरीत गेले. टिल्लूला बाहेर बोलावलं तर मी पुन्हा काहीतरी गोड खोटं बोलेन, एवढी मी आता मला ओळखते. म्हणून पाव घेणाऱ्यांच्या रांगेतच उभी राहिले. माझी पाळी आली. तो समोर, हाताला पीठ. म्हणाला, 'काय देऊ?' परक्या माणसाला विचारावं तसं. मी म्हटलं, 'काही नको. लॅपटॉप माझा आहे. कॉलेजात मी नाव घातलंय. तुला सांगायची लाज वाटली म्हणून तुझं नाव पुढे केलं. तुझी लाज मला कधीच वाटली नाही.'

मालकिणीच्या हातातला चिमटा तसाच वर राहिला. टिल्लू लालबुंद झाला. खाली बघत म्हणाला, 'आई, बाजूला हो. मागे रांग आहे.'

मी बाजूला झाले. घरी जाववेना, म्हणून तशीच कॉलेजात गेले. मागच्या बाकावर बसले. सरांनी एक फाइल उघडायला सांगितली. सगळ्यांच्या पडद्यावर नकाशा, माझ्याच पडद्यावर काही नाही. शेजारच्या पोरीला विचारलं, 'हे कसं करायचं?' तिने दाखवलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारावं लागलं. तेव्हाही दाखवलं. हसली की नाही ते मी बघितलं नाही.

ताईला फोन केला. आधी म्हणाली, 'या वयात?' मग म्हणाली, 'एवढ्या लोकांना फोन केले, आता पुन्हा सगळ्यांना करायचे?' आणि शेवटी, 'मग सकाळचा डबा कोण करतं?' दुसऱ्या दिवशी कळलं की तिने खरंच सगळ्यांना पुन्हा फोन केले.

टिल्लू घरी आलेला नाही. 'बाजूला हो' म्हणाला, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. खरं सांगू? लावून घेतलंय. पण त्याच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

तुझी,
मावशी

९ सप्टेंबर

दादा,

मी घरी राहायला आलोय. तुला कळवायचं राहिलं, कारण सगळं लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागणार होती.

आई बेकरीत आली होती ते तिने तुला लिहिलंच असेल. तिला वाटतं मी रागाने 'बाजूला हो' म्हणालो. तसं नव्हतं. ती बोलायला लागली तेव्हा रांगेत माझ्याच वयाची दोन पोरं होती. 'कॉलेजात मी नाव घातलंय' म्हणाली तसं त्यातल्या एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. आणि मला वाटलं, ही इथून जावी. लगेच जावी. माझी आई आहे हे कुणाला कळू नये.

तिला माझी लाज वाटते म्हणून मी घर सोडलं होतं. महिनाभर पिठाच्या गोण्यांवर झोपून स्वतःला मोठा समजत होतो. आणि तिने खरं सांगितलं तेव्हा, पाव बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, मी तिचीच लाज धरली. ती गेल्यावर मालकीण फक्त एवढंच म्हणाली, 'तुझी आई उपाशीच गेली का रे?'

त्यानंतर मला घरी जाताच येईना. रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी गेलो. ती टेबलापाशी बसली होती, लॅपटॉप समोर. मला बघून तिने झाकण खाली केलं. ते बघून मला फार वाईट वाटलं. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगून टाकलं, रांगेतल्या पोरांचंही.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, 'मग फिटलं.'

मी म्हटलं, 'नाही फिटलं. तुझंही नाही, माझंही नाही.'

'बरं,' ती म्हणाली. 'जेवणार आहेस का?'

मी जेवलो. भांडी मी घासली. अजूनही मधेच ती काहीतरी बोलायला लागते आणि थांबते, आणि मला कळतं की ते बेकरीबद्दल होतं. मीही थांबतो. पण जेवायला एकत्र बसतो.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी दार वाजलं. बाहेर दोन मुली, पाठीला पिशव्या. म्हणाल्या, आईबरोबर अभ्यास करायला आलोय, परीक्षा जवळ आली. एकीने मला विचारलं, 'तू त्यांचा कोण?' मी म्हटलं, 'मुलगा. कोपऱ्यावरच्या बेकरीत असतो.' तिने विचारलं, 'आमच्या वर्गात का नाही आलास मग?' मी म्हटलं, 'मला नको होतं.' ती म्हणाली, 'बरं,' आणि चपला काढून आत गेली. एवढंच झालं. मी उगाच दाराची कडी धरून उभा होतो.

आज पुन्हा आल्यात. चौदा इंची पडद्यासमोर तिघींची डोकी एकमेकींवर आपटताहेत. लॅपटॉपला जोडता येईल असा मोठा पडदा मिळतो का, आणि तो आमच्या टेबलावर मावेल का, ते सांग. टेबल मोजून आकडे वेगळ्या कागदावर लिहून जोडले आहेत. तो मी घेणार आहे. आईला विचारलंय. आधी नको म्हणाली, मग मुलींनी 'हो म्हणा, हो म्हणा' केलं तेव्हा हो म्हणाली.

मी इथे स्वयंपाकघरात बसून लिहितोय आणि मला आतलं सगळं ऐकू येतंय. कुठल्या तरी दगडाचं वय काढायचं चाललंय. आईचं उत्तर चौथ्यांदा चुकलंय. त्या दोघींपेक्षा जास्त तीच चुकतेय, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात विचारतेयही तीच.

टिल्लू